आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) की आरटीएक्स ४०६० (८ जीबी): तक्त्यातले आकडे वाचायचे कसे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मशीनमध्ये रायझन ५ ५५०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि ५५० वॉटचा पॉवर सप्लाय आहे. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) आणि आरटीएक्स ४०६० (८ जीबी) यांतलं एक ग्राफिक्स कार्ड घ्यायचं आहे; कंसातले आकडे कार्डावरच्या मेमरीचे. आत्ता १०८०पी (१९२०×१०८० पिक्सेल) मॉनिटरवर गेम, पुढेमागे १४४०पी (२५६०×१४४०), शिवाय ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) आणि स्वतःच्या मशीनवर भाषा-मॉडेल (चॅटबॉटमागचं मॉडेल) चालवून बघणं, असा वापर आहे. दोन्हींच्या तुलनेच्या तक्त्यात एका ओळीत एक कार्ड वरचढ दिसतं, दुसऱ्या ओळीत दुसरं. मग धरायचं काय?

आधी उत्तर, मग कारणं. या मशीनवर आणि या वापरासाठी ३०६० घ्या, पण १२ जीबीचंच. फक्त १०८०पीवर गेम खेळायचे असते आणि प्रोसेसर पीसीआय-एक्स्प्रेस ४.० (कार्ड ते प्रोसेसर या रस्त्याची चौथी आवृत्ती) देणारा असता, तर ४०६० सांगितलं असतं. हे असं का, ते समजलं की पुढच्या वेळी कुठलीही दोन कार्डं समोर आली तरी तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.

कार्डाच्या वेगाला तीन गोष्टी अडवतात: हिशेब करण्याची ताकद, मेमरीतून माहिती उचलण्याचा वेग, आणि मेमरीची जागा. पहिल्या दोन कमी पडल्या तर काम त्या प्रमाणात मंदावतं. तिसरी कमी पडली तर प्रमाणबिमाण काही राहत नाही, काम कोसळतं. म्हणून आधी जागा पुरते का ते बघायचं, आणि पुरत असेल तरच वेगाची तुलना करायची. बहुतेक लोक नेमकं उलट करतात.

आता आकडे. ३०६० बाजारात आलं फेब्रुवारी २०२१ मध्ये. अँपिअर पिढी, जीए१०६ चिप, सॅमसंगची ८ नॅनोमीटर प्रक्रिया. ३५८४ कूडा कोअर (हिशेब करणारे छोटे भाग), बूस्ट क्लॉक (भाराखालचा वेग) १७७७ मेगाहर्ट्झ, १९२ बिटच्या बसवर (चिप ते मेमरी या रस्त्याची रुंदी) १५ गिगाबिट वेगाची १२ जीबी जीडीडीआर६ मेमरी, ३ एमबी एल२ कॅशे (चिपवरचीच छोटी, जलद मेमरी), १७० वॉट. ४०६० आलं जून २०२३ मध्ये. एडा लव्हलेस पिढी, एडी१०७ चिप, टीएसएमसीची ४एन प्रक्रिया. ३०७२ कोअर, बूस्ट २४६० मेगाहर्ट्झ, १२८ बिटच्या बसवर १७ गिगाबिटची ८ जीबी जीडीडीआर६, २४ एमबी एल२ कॅशे, ११५ वॉट.

पहिला घोळ कोअरच्या संख्येत होतो. नव्या कार्डात कोअर १४ टक्क्यांनी कमी आहेत, ते बघून "हे तर मागे गेलं" असं म्हणणारे भेटतात. पण क्लॉक ३८ टक्क्यांनी वर आहे. कोअर गुणिले क्लॉक गुणिले दोन (एका फेरीत एक गुणाकार आणि एक बेरीज) एवढाच टेराफ्लॉप्सचा (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी हिशेब) हिशेब असतो: ३०६० चे १२.७, ४०६० चे १५.१. म्हणजे कागदावर साधारण १९ टक्के जास्त. आणि मेमरी दोन्हीकडे पुरत असेल तेव्हा १०८०पीवर, बऱ्याच गेमच्या सरासरीत, ४०६० खरोखरच १५ ते २० टक्के पुढे असतं.

इथे आकडा जुळला म्हणून टेराफ्लॉप्सवर विश्वास ठेवायला लागू नका. तो जुळला, कारण या दोन पिढ्यांत कोअरची मांडणी जवळपास एकसारखी आहे: प्रत्येक एसएम गटात १२८ कोअर, त्यांतले निम्मे फक्त दशांशाचे हिशेब करतात आणि निम्मे दशांश किंवा पूर्णांक यांपैकी एका वेळी एक. आरटीएक्स २०६० शी तुलना करून बघा. तिथे १९२० कोअर आणि सुमारे ६.५ टेराफ्लॉप्स. त्या हिशेबाने ३०६० जवळजवळ दुप्पट वेगवान हवं होतं, पण गेममध्ये ते दुपटीच्या जवळपासही जात नाही. कारण २०६० च्या ट्युरिंग पिढीत पूर्णांकांसाठी वेगळी सोय होती आणि ती 'कूडा कोअर' म्हणून मोजली जात नव्हती. अँपिअरमध्ये त्याच सोयीला दशांशाचं काम करता यायला लागलं आणि मोजणीत आकडा फुगला. तेव्हा कोअर आणि टेराफ्लॉप्स एकाच पिढीत किंवा एकसारख्या मांडणीच्या दोन पिढ्यांत ताडून बघावेत. एका कंपनीच्या कार्डाशी दुसऱ्या कंपनीच्या कार्डाची तुलना तर या आकड्यांवरून करूच नये.

दुसरा घोळ बँडविड्थचा. बसची रुंदी भागिले आठ, गुणिले मेमरीचा वेग. ३०६०: १९२ ÷ ८ × १५ = सेकंदाला ३६० जीबी. ४०६०: १२८ ÷ ८ × १७ = २७२ जीबी. नवं कार्ड जवळजवळ चोवीस टक्क्यांनी मागे. तरी गेममध्ये ते पुढे कसं? २४ एमबी कॅशेमुळे. चिपला लागणारी माहिती चिपवरच सापडली तर मेमरीपर्यंत जावंच लागत नाही. एनव्हिडियाने याच कारणाने ४०६० ची 'परिणामी' बँडविड्थ ४५३ जीबी अशी छापली आहे. तो आकडा ठरावीक गेमच्या सरासरीचा आहे, मेमरीचा गुणधर्म नाही. म्हणून तो ३६० च्या शेजारी ठेवून तुलना करणं चुकीचं आहे.

कॅशे किती उपयोगी पडते ते कामाच्या आकारावर ठरतं. १०८०पीचं एक चित्र, दर पिक्सेलला ४ बाइट धरले, तर ८.३ एमबी होतं. १४४०पीचं १४.७ एमबी, ४केचं ३३ एमबी. गेम असे अनेक थर एकाच वेळी हाताळतो (खोली, दिशा, प्रकाश), त्यामुळे हे आकडे फक्त अंदाजासाठी घ्या. पण कल लक्षात येतो: रिझोल्यूशन जसं वाढतं तसा कॅशेबाहेर जाण्याचा प्रसंग वाढतो आणि १२८ बिटची बस जाणवायला लागते. म्हणूनच १४४०पीवर ४०६० ची आघाडी थोडी आक्रसते. आणि ज्या कामात प्रत्येक फेरीला अख्खी मेमरी चाळावी लागते, तिथे कॅशेचा उपयोग जवळजवळ शून्य. भाषा-मॉडेल हे नेमकं तसं काम आहे. त्याकडे पुढे येतो.

आता मुख्य मुद्दा, जागा.

८ जीबीचं कार्ड म्हणजे गेमला ८ जीबी मिळतात असं नाही. विंडोज, ब्राउझर, दुसरा मॉनिटर, चॅटचं ॲप मिळून अर्धा ते एक जीबी सहज खातात. गेमच्या हाती सातच्या आसपास उरतं. आजचे मोठे गेम १०८०पीवर मध्यम टेक्स्चरवर (वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेली चित्रं) त्यात बसतात. सर्वांत वरच्या टेक्स्चरवर, त्यात रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून सावल्या-प्रतिबिंबं काढणं) लावलं, की काही बसत नाहीत. रे ट्रेसिंगला दृश्याचा वेगळा आराखडा मेमरीत ठेवावा लागतो, आणि फ्रेम जनरेशनलाही (मधल्या फ्रेम कार्डाने स्वतः रचणं, त्याबद्दल पुढे) स्वतःची काहीशे एमबी जागा लागते. गंमत बघा, ४०६० ची जी दोन बलस्थानं म्हणून सांगितली जातात तीच जागा खातात.

जागा संपल्यावर काय होतं ते आकड्यांत बघू, कारण "थोडं अडखळेल" या शब्दांतून अंदाज येत नाही. कार्डात न मावलेला भाग मशीनच्या रॅममध्ये जातो आणि लागेल तेव्हा पीसीआय-एक्स्प्रेस स्लॉटमधून आणला जातो. ४०६० ला लेन, म्हणजे या रस्त्याच्या समांतर वाटा, फक्त ८ आहेत. स्लॉट लांबीला पूर्ण असला तरी कार्ड ८ च वापरतं. पीसीआय-एक्स्प्रेस ४.० वर ८ लेन म्हणजे सेकंदाला सुमारे १६ जीबी. आणि तुमचा रायझन ५ ५५०० फक्त ३.० देतो. मदरबोर्ड बी५५० असला तरी काही उपयोग नाही, कारण कार्डाचा स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला असतो. ५६००जी चंही हेच. म्हणजे तुमच्या मशीनवर ४०६० ला सेकंदाला ८ जीबीहून किंचित कमी मिळणार.

सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) हव्यात म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात ८ जीबीच्या वेगाने जेमतेम १३० एमबी येऊ शकतात. एका फ्रेमला लागणारं ४०० एमबीचं सामान बाहेर राहिलं असेल, तर ते आणण्यातच ५० मिलिसेकंद गेले. पडद्यावर एक ठसठशीत झटका दिसतो. सरासरी फ्रेम रेट मात्र फारसा हलत नाही, कारण असे झटके मिनिटाला दहा-वीस असतील. म्हणून सरासरीच्या आलेखात हा दोष लपून राहतो. ३०६० ला १६ लेन आहेत, त्यामुळे ३.० च्या स्लॉटवरही त्याला ४.० च्या ८ लेनइतकाच रस्ता मिळतो, आणि मुळात १२ जीबी असल्यामुळे त्या रस्त्यावर यायची पाळी क्वचित येते.

मेमरी पुरत असेल तर ३.० च्या ८ लेनमुळे ४०६० चं नुकसान थोड्याच टक्क्यांचं असतं. खरं दुखणं दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की सुरू होतं. आणि हा त्रास फक्त तुमचाच नाही: इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतचा कुठलाही प्रोसेसर ३.० च्या पुढे जात नाही, एएमडीचे बी४५० बोर्डही ३.० चेच. नव्यांतही जपायला हवं. रायझन ५ ८५००जी कार्डाला ४.० च्या फक्त ४ लेन देतो.

जागा कमी पडते आहे हे ओळखायचं कसं? टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर जीपीयू उघडा. तिथे 'डेडिकेटेड' आणि 'शेअर्ड' अशा दोन मेमरी दिसतात. डेडिकेटेड काठापर्यंत भरलेली आणि शेअर्ड गेम चालू असताना चढत जाणारी दिसली, तर सामान बाहेर सांडतं आहे. शेअर्डमध्ये थोडंसं काही नेहमीच असतं, त्याने घाबरू नका. ती चढते का ते बघा. नुसता "७.६ जीबी वापरात" हा आकडा पुरावा नाही, कारण गेम मोकळी जागा दिसली की आगाऊ भरून ठेवतात. दुसरी खूण डोळ्यांना दिसते: काही गेम अडखळत नाहीत, गुपचूप टेक्स्चरचा दर्जा उतरवतात. फ्रेम रेट छान, आणि समोरची भिंत मात्र पाण्यात विरघळल्यासारखी. ही गोष्ट कुठल्याही आलेखात येत नाही. दोन कार्डांची चित्रं शेजारी ठेवूनच कळते.

उपाय सोपा आहे आणि तो आधी करावा: टेक्स्चर एक पायरी खाली. बाकीच्या सेटिंगना हात लावू नका. टेक्स्चर उतरवल्याने जागा वाचते, वेगावर एरवी काही फरक पडत नाही. लोक सावल्या आणि गवत कमी करत बसतात, आणि झटके तसेच राहतात.

फ्रेम जनरेशनबद्दल. डीएलएसएस (एनव्हिडियाचं वेग वाढवणारं तंत्र) यातला रिझोल्यूशन वाढवणारा भाग दोन्ही कार्डांवर चालतो, नवी मॉडेलंही दोन्हीकडे मिळतात. डीएलएसएस ३ चं फ्रेम जनरेशन मात्र ४०६० वरच चालतं. दोन खऱ्या फ्रेमच्या मधली एक फ्रेम कार्ड स्वतः रचून दाखवतं. त्यासाठी पुढची खरी फ्रेम तयार होईपर्यंत थांबावं लागतं, म्हणून माऊस हलवल्यापासून पडद्यावर फरक दिसेपर्यंतचा वेळ वाढतो. ५० फ्रेमवर चाललेला गेम ९० दाखवायला लागला, तर डोळ्यांना ९० ची गुळगुळीत हालचाल दिसते, हाताला मात्र पन्नासाहून थोडं कमीच जाणवतं. मूळ वेग ६० च्या आसपास असेल तर ही सोय खरंच सुंदर आहे. मूळ वेग ३० असेल तर ती वापरू नये. आणि एका कार्डाचे आकडे फ्रेम जनरेशनसह, दुसऱ्याचे त्याविना, असा आलेख दिसला तर तो बाजूला ठेवा; त्यात दोन वेगळ्या वस्तू मोजलेल्या आहेत. ३०६० वर एएमडीचं एफएसआर ३ फ्रेम जनरेशन चालतं, जिथे गेममध्ये दिलं असेल तिथे.

वीज. १७० आणि ११५, फरक ५५ वॉट. रोज चार तास पूर्ण भाराने चालवलं तर वर्षाला सुमारे ८० युनिट. ४०६० चा हा मोठा गुण आहे: लहान कॅबिनेटमध्ये ते शांत आणि थंड राहतं. पॉवर सप्लायची शिफारस दोन्हींना ५५० वॉटचीच आहे, तुमचा पुरेल. बहुतेक मॉडेलांना एक ८ पिनची केबल लागते. तिच्यातून १५० आणि स्लॉटमधून ७५, असे २२५ वॉट मिळू शकतात. केबल पीसीआय-एक्स्प्रेसचीच वापरा. प्रोसेसरची ८ पिनची केबल दिसायला तशीच असते, पण तिच्या जोडणीची वाटणी वेगळी आहे. प्रोसेसरची ४+४ अशी फुटते, कार्डाची ६+२ अशी. जोर लावून बसवावी लागत असेल तर ती चुकीची केबल आहे. साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) केबलवरून ८ पिन करून देणारे जोड वापरू नका. साटाची जोडणी ५४ वॉटपर्यंतच्या भारासाठी बनवलेली असते आणि १५० वॉट ओढले की ती वितळू शकते.

व्हिडिओचं काम असेल तर एक मोठा फरक: ४०६० वर एव्ही१ (व्हिडिओ दाबून साठवण्याची नवी पद्धत) एन्कोड करायची सोय आहे, ३०६० वर फक्त डीकोडची (उलगडून दाखवण्याची). स्ट्रीमिंग करणाऱ्यांसाठी हा एकच मुद्दा पारडं फिरवू शकतो. पण कॅमेऱ्याचं फुटेज १० बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती जपणारं) असेल, तर ते डीकोड करायला ही दोन्ही कार्डं उपयोगाची नाहीत; दोन्हींवर प्रोसेसरच राबतो. तिथे इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनची अंगभूत ग्राफिक्स चिप ४:२:२ एचईव्हीसी फुटेज सहज उलगडते.

ब्लेंडर. सायकल्समध्ये (ब्लेंडरचं रेंडर इंजिन) ऑप्टिक्स (एनव्हिडियाची रे ट्रेसिंगची सोय) निवडल्यावर ४०६० उघडपणे वेगवान आहे, कारण त्याचे रे ट्रेसिंग कोअर एक पिढी पुढचे आहेत. गेममधल्या फरकापेक्षा इथला फरक मोठा दिसतो. अट तीच, दृश्य मावलं पाहिजे. ४के टेक्स्चर आकार न दाबता ठेवलं तर एकेक ६४ एमबी घेतं. अशी पन्नास झाली की ३.२ जीबी गेले, त्यावर भूमिती, केसांचे कण, धूर. रेंडर करण्याआधी ब्लेंडरच्या खालच्या पट्टीत मेमरीचा आकडा दाखवायची सोय सुरू करून घ्या. व्ह्यूपोर्ट (काम करतानाची खिडकी) रेंडर मोडमध्ये ठेवून अंतिम रेंडर लावलं तर तेच दृश्य दोनदा मेमरीत जातं. ८ जीबीवर ही चूक हमखास महाग पडते. रेंडरच्या आधी व्ह्यूपोर्ट सॉलिड मोडला आणा.

आता भाषा-मॉडेल. इथे ३०६० च्या बाजूने इतका स्वच्छ हिशेब आहे की तो मांडूनच दाखवतो. मॉडेल एकेक शब्दतुकडा (टोकन) लिहितं तेव्हा प्रत्येक तुकड्यासाठी त्याला आपले सगळे आकडे मेमरीतून एकदा वाचावे लागतात. म्हणून वेगाची कमाल मर्यादा म्हणजे बँडविड्थ भागिले मॉडेलचा आकार. ८ अब्ज पॅरामीटरचं (म्हणजे तेवढ्या आकड्यांचं) मॉडेल, आकडे ४ बिटमध्ये दाबून ठेवले तर, सुमारे ४.९ जीबी होतं. ३६० ÷ ४.९ म्हणजे सेकंदाला ७३ तुकडे. २७२ ÷ ४.९ म्हणजे ५५. प्रत्यक्षात दोन्ही याहून खालीच राहतील, पण क्रम बदलत नाही. जुनं, कमी टेराफ्लॉप्सचं कार्ड जलद लिहितं. तुमचा लांबलचक प्रश्न वाचून घेण्याचा टप्पा मात्र हिशेबाच्या ताकदीवर चालतो, तिथे ४०६० पुढे.

१४ अब्जाचं मॉडेल घ्या, ४ बिटमध्ये सुमारे ९ जीबी. १२ जीबीत ते मावतं आणि मर्यादा ४० तुकड्यांची येते. ८ जीबीत मावत नाही. समजा साडेसहा जीबी कार्डावर ठेवले आणि अडीच जीबी प्रोसेसरकडे. कार्डाचा भाग वाचायला २४ मिलिसेकंद. प्रोसेसरचा भाग दोन चॅनेलच्या डीडीआर४-३२०० वरून, म्हणजे सेकंदाला ५१ जीबीने, ४९ मिलिसेकंद. एका तुकड्याला ७३ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १३-१४ तुकडे. मॉडेलचा चौथ्याहून थोडा जास्त भाग बाहेर राहिला आणि वेग ३०६० च्या एक तृतीयांशावर आला. रॅमची एकच पट्टी लावलेली असेल तर तो आणखी खाली जाईल.

संभाषणाच्या आठवणीलाही जागा लागते, हे विसरू नका. ३२ थर आणि ८ केव्ही हेड (मागचे तुकडे लक्षात ठेवणारे भाग) असलेल्या ८ अब्जाच्या मॉडेलमध्ये, १६ बिटमध्ये ठेवली तर, दर तुकड्याला १२८ केबी. ८१९२ तुकड्यांच्या संभाषणाला १ जीबी. मॉडेल मावतं म्हणून खूश झालेला माणूस पंधराव्या प्रश्नाला "अचानक हळू झालं" म्हणतो, त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं. विंडोजवर एनव्हिडियाचे २०२३ नंतरचे ड्रायव्हर मेमरी संपल्यावर चूक दाखवण्याऐवजी गुपचूप रॅममध्ये सांडू देतात. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये, थ्रीडी सेटिंगच्या यादीत, 'कूडा सिसमेम फॉलबॅक पॉलिसी' आहे. ती 'प्रेफर नो सिसमेम फॉलबॅक' वर ठेवा. मग जागा संपली की स्पष्ट चूक येते आणि किती थर कार्डावर ठेवायचे ते तुम्ही शहाणपणाने ठरवू शकता. गोगलगाईसारखं चालणाऱ्या मॉडेलपेक्षा स्पष्ट नकार बरा.

खरेदी करताना नावात फसू नका. ३०६० नावाचंच ८ जीबीचं एक कार्ड २०२२ च्या अखेरीस आलं. कोअर तेवढेच, ३५८४, पण बस १२८ बिट आणि बँडविड्थ २४० जीबी. वरच्या सगळ्या हिशेबात ते दोन्हीकडून हरतं: जागा ४०६० इतकीच आणि कॅशे जुनीच. खोक्यावर '१२ जीबी' शब्दशः वाचा. लॅपटॉपचं ३०६० तर वेगळंच प्रकरण आहे; त्यात कोअर ३८४० आणि मेमरी फक्त ६ जीबी. लॅपटॉपच्या चाचण्या वाचून डेस्कटॉपचं कार्ड ठरवू नये.

वापरलेलं ३०६० मिळत असेल तर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून बस १९२ बिट, मेमरी १२ जीबी आणि चिप जीए१०६ किंवा जीए१०४ आहे का बघा. कार्डाचा बायोस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून जुन्या कार्डाला नवं नाव दिलं असेल तर जीपीयू-झेड बहुतेकदा नावापुढे 'फेक' लिहितं. मग ओसीसीटीची व्हीरॅम चाचणी अर्धा तास चालवा. एकही चूक चालत नाही. त्याच वेळी हॉटस्पॉटचं तापमान बघा: जीपीयूच्या तापमानापेक्षा ते १०-१५ अंशांनी जास्त असणं स्वाभाविक, २५-३० चा फरक असेल तर पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंक नीट टेकलेला नाही. पेस्ट बदलता येते, सदोष मेमरी चिप बदलणं घरचं काम नाही.

दोन कार्डं स्वतः मोजायची झाली तर प्रोसेसर, रॅम आणि ड्रायव्हरची आवृत्ती तीच ठेवा. व्ही-सिंक आणि फ्रेमची मर्यादा बंद. गेममधली एकच ६० सेकंदांची वाट ठरवून तीच चार वेळा चाला. पहिली फेरी टाकून द्या, कारण तिच्यात शेडर तयार होत असतात. कॅपफ्रेमएक्स किंवा प्रेझेंटमॉनने फ्रेमचे वेळ नोंदवा आणि सरासरीसोबत १ टक्का लो (सर्वांत मंद १ टक्का फ्रेमचा वेग) बघा. सरासरी ८० आणि १ टक्का लो ६० असेल तर ठीक. सरासरी ९० आणि लो २५ असेल तर ते कार्ड हातात वाईट लागतं. जीपीयूचा वापर ९५ टक्क्यांच्या खाली राहत असेल तर तुम्ही कार्ड नाही, प्रोसेसर मोजत आहात. ५५०० ची एल३ कॅशे १६ एमबी आहे, ५६०० ची ३२. त्यामुळे १०८०पीवर बऱ्याच गेममध्ये तुमचा प्रोसेसरच आधी दमेल आणि दोन्ही कार्डं सारखेच आकडे दाखवतील. ४०६० ची ती १५-२० टक्क्यांची आघाडी या मशीनवर पुष्कळदा दिसणारच नाही. ३०६० च्या बाजूचं हे आणखी एक कारण.

पुढे ५५०० काढून ५६०० टाकलात, तर त्याच बी५५० बोर्डावर स्लॉट आपोआप ४.० होईल आणि प्रोसेसरची अडचणही बरीच कमी होईल. आधी बोर्डाचा बायोस अद्ययावत करून घ्या.

कार्ड बसवल्यावर बायोसमध्ये 'अबव्ह ४जी डीकोडिंग' आणि 'रीसाइझेबल बार' (प्रोसेसरला कार्डाची अख्खी मेमरी एकदम गाठू देणारी सोय) सुरू करा. दोन्ही कार्डांना त्याचा फायदा काही गेममध्ये होतो. मग जीपीयू-झेडमध्ये 'बस इंटरफेस'ची ओळ बघा. कार्ड रिकामं असताना तिथे १.१ दिसेल, ते वीज वाचवण्यासाठी असतं. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून छोटी चाचणी लावली की खरा वेग दिसतो. तुमच्या मशीनवर ३०६० साठी १६ लेन आणि ३.० दिसायला हवं. सोळाहून कमी लेन दिसल्या तर कार्ड काढून पुन्हा नीट बसवा, आणि ते बोर्डावरच्या सर्वांत वरच्या लांब स्लॉटमध्येच आहे ना ते तपासा. खालचा लांब स्लॉट दिसायला तेवढाच असतो, आत लेन मात्र बहुतेक बोर्डांवर चारच असतात.